शिकाऊ डॉक्टरांचे मनःस्वास्थ्य आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणगौरव समारंभप्रसंगी केलेले भाषण)



विद्यार्थ्यांना उपदेशाचे दोन शब्द सांगावेत अशी चिटणीसांची मला आज्ञा झाली आहे. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशाची सनद घेतलेला, आणि सारा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांतून पाढे व बाराखडी शिकविण्यात घालविलेला मनुष्य आहे. ज्या मुलामुलींना आज वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळाल्याबद्दल शाल व श्रीफळ दिले गेले, त्यांना त्यांच्या विद्येविषयी मी काय सांगणार? म्हणून चिटणीसांची क्षमा मागून मी उपदेशाची दिशा थोडी फिरवितो. मुलांना नव्हे, तर त्यांच्या पालकांना, आणि पालकांपेक्षाही अधिक आपल्या मंडळाला काही सांगावे असे मनात आहे. विषय आनंदाच्या दिवशी बोलण्याचा नाही असे कोणास वाटेल; परंतु हार गळ्यात असतानाच तो बोलावा, कारण हार सुकल्यावर मुलगा कोठे व कसा आहे याची चौकशी करण्यास आपण पुन्हा एकत्र जमत नाही.

आपल्या जिल्ह्यात पूर्वी डॉक्टर होण्यासाठी औरंगाबादला, सोलापूरला किंवा अंबाजोगाईला जावे लागे. औरंगाबादचे महाविद्यालय १९५६ सालचे, सोलापूरचे १९६३ सालचे. अंबाजोगाईचे महाविद्यालय १९७० नंतरच्या दशकात खास ग्रामीण भागासाठी म्हणून उभे राहिले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव लाभले. २०२२ साली धाराशिव येथेच १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि जिल्हा रुग्णालयाच्या आवारात पांढरे कोट घातलेली कोवळी मुले दिसू लागली. ज्या घरात पूर्वी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते त्या घरांतील मुलेही त्यांत आहेत. ही गोष्ट लहान नाही.

परंतु या मुलांचा मार्ग कसा असतो तो पाहावा. दहावी झाल्याबरोबर त्याला लातूरला ठेवतात. दोन वर्षे, कित्येकदा तीन वर्षे, खाणावळीचा डबा, शिकवणीचा वर्ग आणि भाड्याची खोली यांपलीकडे त्याला जग नसते. सण नाही, खेळ नाही, बहिणीच्या लग्नालाही एक दिवसाची सुट्टी. शाळेत तो नेहमी पहिला आलेला असतो. मग तो अशा ठिकाणी जातो की जेथे प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिलाच होता. आणि त्या शंभरांत कोणाला तरी शंभरावे यावेच लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला शरीरशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ उशाला घेऊन झोपावे लागते तो भाग वेगळाच. साडेचार वर्षे अभ्यास, त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता, त्यापुढे शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा, आणि पुन्हा पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. वयाची तिशी येते तोवर तो विद्यार्थीच असतो. आपण मात्र प्रवेशाच्या दिवसापासूनच त्याला ‘आमचे डॉक्टर’ म्हणू लागतो.

खरी कसोटी लागते ती पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी. तेथे विद्यार्थ्याला निवासी डॉक्टर म्हणतात. निवासी म्हणजे रुग्णालयातच वास करणारा. आणि हे नाव अक्षरशः खरे आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी, चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेली, अशाच एका मोठ्या रुग्णालयात पहिल्या वर्षात होती. गाव व संस्था मी सांगत नाही. दिवाळीला घरी आली तेव्हा मला भेटण्यास आली आणि बसल्या जागी डोळे मिटू लागली. तिने सांगितले, “गुरुजी, सकाळी आठला वॉर्डात शिरले की दुसऱ्या दिवशी रात्री खोलीवर जाते. मध्ये स्ट्रेचरवर पाठ टेकायला मिळाली तर तो दिवस चांगला.” जेवणास बसल्यावर वरच्या वर्षाच्या डॉक्टरने उठवून केसपेपर पुन्हा लिहावयास लावावेत, रुग्णाच्या नातेवाइकांसमोर अक्कल काढावी, हे तिने तक्रार म्हणून नव्हे, तर पावसाळ्याची हकिकत सांगावी तसे सांगितले. मला तेच अधिक लागले. ज्या मुलीला चौथीत एखादा अन्याय झाला तर ती थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहत असे, तिला आता तो अन्याय आहे असेही वाटेनासे झाले होते.

हे असे असावे असा सरकारचा हुकूम आहे काय? मुळीच नाही. केंद्रीय आरोग्य खात्याने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी जी योजना लागू केली तीत सलग १२ तासांहून अधिक काम नको, आठवड्यास ४८ तासांहून अधिक नको, आठवड्याची सुट्टी द्यावी, असे स्पष्ट आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली पदव्युत्तर शिक्षणाचे जे नियम केले त्यांत तासांचा आकडा नाही. ‘वाजवी’ तास काम व ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द आहेत. वाजवी हा शब्द फार सोयीचा आहे. सावकाराला विचारले तर त्याचेही व्याज वाजवीच असते. पुढे २०२४ साली आयोगानेच नेमलेल्या राष्ट्रीय कार्यगटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी अहवाल दिला, आणि त्यात आठवड्यास ७४ तासांची मर्यादा, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी आणि दररोज सात ते आठ तास झोप यांची शिफारस केली. १९९२ साली ४८ आणि २०२४ साली ७४! बत्तीस वर्षांत हक्काचा आकडा वाढला नाही, सोसण्याचा वाढला. तरीही ७४ तास प्रत्यक्षात मिळाले तर मुले ते आनंदाने घेतील, अशी आजची स्थिती आहे.

त्याच कार्यगटाने विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. पदवीचे २५,५९० व पदव्युत्तर ५,३३७ विद्यार्थी त्यात होते. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा २७.८ आणि पदव्युत्तरांपैकी शेकडा १५.३ जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे निदान झाल्याचे कळविले. मी गणिताचा शिक्षक, म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. अशी प्रश्नावली ज्याला दुखत असते तो अधिक आवर्जून भरतो. तेव्हा हे प्रमाण देशातील प्रत्येक वर्गाला जसेच्या तसे लावू नये. परंतु निम्मे जरी खरे धरले, तरी आज या मंचावर आलेल्या मुलांच्या रांगेकडे पाहून ज्याने त्याने मनाशी भागाकार करावा.

ही अडचण केवळ आपल्या देशाची नव्हे. १९८४ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथे लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाली व काही तासांतच मरण पावली. तिची व्यवस्था पाहणारे शिकाऊ डॉक्टर अतिशय दीर्घ पाळीवर होते. मृत्यूच्या कारणाबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला. तिचे वडील वृत्तपत्रकार होते. शिकाऊ डॉक्टरांना असे राबविणे हाच मूळ दोष होय, हे त्यांनी लावून धरले. परिणामी १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने आठवड्यास ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ साली ती तेथे देशभर लागू झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, डॉक्टरांच्या तासांसाठी तेथे एका रुग्णाचा बाप लढला. आपल्याकडे रुग्णाचे नातेवाईक चिडले म्हणजे त्याच थकलेल्या पोराच्या अंगावर धावून जातात. २०१७ च्या मार्च महिन्यात धुळ्यास एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की, त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. त्या वेळी राज्यातील निवासी डॉक्टर काम सोडून बसले होते. असे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० सालापासून कायदा होता, तरीही हे घडले.

आता ‘प्रशिक्षण’ या शब्दाकडे वळतो. ताणतणावाचे व्यवस्थापन आणि नेतृत्व यांचे शिक्षण शिकाऊ डॉक्टरांना द्यावे असे सर्वत्र म्हटले जाते. २०१९ सालच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या आरंभीच पायाभूत अभ्यासक्रम ठेवला गेला आणि वेळेचे नियोजन, ताणाशी सामना, संभाषण असे विषय त्यात आले. ही चांगली गोष्ट आहे. परंतु प्रशिक्षण म्हणजे काय चीज असते हे आम्हा शिक्षकांइतके कोणास ठाऊक असणार! सेवेत असताना मी किती प्रशिक्षणांना हजर राहिलो त्याची गणती नाही. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारी मसालेभात, सायंकाळी प्रमाणपत्र. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एका खोलीत चार वर्ग. शिकाऊ डॉक्टरांच्या बाबतीत हेच होण्याची भीती आहे. तीस तास उभ्या असलेल्या मुलाला सभागृहात बसवून दीर्घ श्वास घेण्यास सांगितले तर तो श्वास घेईल, आणि तेथेच झोपी जाईल. त्याला व्याख्यानाची गरज नसून झोपेची आहे. तासांचा प्रश्न तसाच ठेवून मनःशांतीचे वर्ग भरविणे म्हणजे ओझे न उतरविता बैलाच्या खांद्याला तेल लावण्यासारखे आहे.

मग प्रशिक्षण व्यर्थ आहे काय? तसेही मी म्हणणार नाही. खरे प्रशिक्षण कोठे लागते ते सांगतो. रुग्णालयातील उतरंड पाहा. दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर पहिल्या वर्षाच्याचा अधिकारी असतो, तिसऱ्या वर्षाचा दोघांचा. काल जो खाली होता तो एका रात्रीत वर जातो. वय अवघे सव्वीस-सत्तावीस, आणि त्याच्या हाती दुसऱ्या माणसाची झोप, जेवण व अब्रू असते. वर्गात मी ज्याला मॉनिटर नेमीत असे त्याला आठ दिवस जवळ बसवून सांगत असे की, नावे फळ्यावर लिहिणे म्हणजे मॉनिटरपणा नव्हे. दहा वर्षांच्या पोराला जे सांगावे लागते ते सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरला कोणी सांगत नाही. त्याला जसे वागविले तसाच तो पुढच्याला वागवितो, आणि त्यालाच तेथे परंपरा म्हणतात. नेतृत्वाचे शिक्षण द्यावयाचे तर ते येथे द्यावे. पाळी संपताना रुग्ण दुसऱ्याच्या हवाली नीट कसा करावा. खालच्याची चूक रुग्णासमोर न दाखविता बाजूस घेऊन कशी सांगावी. ‘मला हे येत नाही, साहेबांना बोलवा’ असे म्हणणाऱ्याला हिणवू नये. आणि कोणाला आता घरी पाठविलेच पाहिजे हे त्याच्या चेहऱ्यावरून कसे ओळखावे. माझ्या त्या विद्यार्थिनीला वर्षभरात सर्वांत अधिक धीर कशाने आला? एका वरिष्ठाने एकदा तिच्या हातातून कागद घेऊन, “ताई, जा, दोन तास झोप, तोवर मी पाहतो,” असे म्हटले, त्याने. त्या वरिष्ठाने असा वर्ग केला होता की नाही, ते मी विचारले नाही.

अशा शिक्षणाचे नमुने जगात आहेत, आणि आपल्याजवळही आहेत. लंडन येथे मायकेल बॅलिंट नावाच्या मूळच्या हंगेरियन डॉक्टरांनी १९५० नंतर एक प्रघात पाडला. आठ-दहा डॉक्टरांनी ठरावीक वारी एकत्र बसावे, आणि ज्या रुग्णाने आपल्या मनाला त्रास दिला त्याची हकिकत सांगावी. औषधाची चर्चा नाही, निकाल नाही. रुग्णाशी वागताना आपल्या मनाचे काय झाले एवढेच बोलावयाचे. त्यांचा ग्रंथ १९५७ साली निघाला आणि पुढे अनेक देशांत अशी मंडळे झाली. खर्च काही नाही. एक खोली आणि चहा. आपल्या महाराष्ट्रात सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी काढले. तेथे नव्या विद्यार्थ्यांना आरंभी गांधीजींच्या आश्रमात राहावे लागते. झाडलोट व श्रमदान करावे लागते, आणि तुकडीने एखादे गाव आपलेसे करून तेथे राहावे लागते. पुढे वरिष्ठ-कनिष्ठ होण्यापूर्वी सर्वांनी एकाच झाडूला हात लावलेला असतो.

आणि सर्वांत जवळचे उदाहरण तर आपल्या तुळजापूर तालुक्यातले आहे. १९८० नंतरच्या काळात औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी आपणहोऊन एक मंडळ चालविले, व त्याला ‘हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन’, म्हणजे थोडक्यात ‘हॅलो’, असे नाव दिले. कोणा अधिकाऱ्याने हुकूम काढला नव्हता. पाठ्यपुस्तकात नसलेले प्रश्न एकमेकांना विचारावेत, खेड्यांत जावे, आपण डॉक्टर कशासाठी होतो आहोत हे बोलावे, असा क्रम होता. त्यांपैकी डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. शुभांगी अहंकारी अणदूरला आले, आणि खेड्यांतील साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करण्याचे काम त्यांनी उभे केले. शिकत असताना एकमेकांशी मोकळेपणी बोलण्याची सवय लागलेली मुले पुढे काय करू शकतात, हे पाहण्यास आपणास लंडनला जाण्याचे कारण नाही, अणदूरला एस. टी. जाते.

येथे थोडे विषयांतर करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या उमरगा-लोहारा भागात व शेजारच्या किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा मी त्याच भागातील एका शाळेवर होतो. मदतीला आसपासच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील शिकाऊ डॉक्टर आले होते. पाऊस, चिखल, आणि जिकडे तिकडे दगडांचे ढीग. आम्ही शिक्षक नावांच्या याद्या करीत होतो. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर मालमोटारीच्या मागे बसून ओंजळीत तोंड घेऊन रडताना मी पाहिला. त्याचे प्राध्यापक शोधीत आले. मला वाटले, आता हे रागावणार. ते त्याच्या शेजारी चिखलातच बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून बिस्किटांचा पुडा काढून त्यातले अर्धे त्याला दिले व अर्धे स्वतः खाल्ले, आणि दोघे उठून पुन्हा तंबूत गेले. सर्व राष्ट्राने त्या वेळी गावकऱ्यांच्या मनाचा विचार केला, आणि तो करावयासच हवा होता. त्या पोरांच्या मनाचा विचार मी तरी एवढ्या एकाच गृहस्थाला करताना पाहिला.

आता एक कठीण गोष्ट सांगतो. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून ती सांगितलीच पाहिजे. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विषयाच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपविले. तडवी भिल्ल समाजाची, जळगाव जिल्ह्यातली ही मुलगी. तिघी वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केला असा आरोप झाला व प्रकरण न्यायालयापुढे गेले. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. त्यांच्या मातोश्री पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ पासून होता, हेही ध्यानात ठेवावे. ही बातमी वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मी विचारतो, आपल्या ज्ञातीची मुले जेव्हा वरच्या वर्षात जातील तेव्हा ती खालच्या मुलाची गुणवत्ता यादी, त्याचे आडनाव, त्याचे बोलणे यांवरून काय बोलतील? ही मुले घरात काय ऐकतात? आपल्या मुलाला कोणी जातीवरून बोलले तर आपण मोर्चा काढू. आपल्या मुलाने दुसऱ्याला बोलू नये म्हणून आपण आजवर काय केले, याचे उत्तर मंडळाच्या अहवालात मला सापडले नाही.

पालकांना थोडेच सांगतो. मुलाला दूरध्वनी केला की पहिला प्रश्न ‘पेपर कसा गेला’ आणि दुसरा ‘मामांच्या गुडघ्याचा एक्स-रे पाठवला आहे, पाहिलास का’ असा असतो. जेवलास का, झोपलास का, हे विचारावे. प्रवेशासाठी किती जमीन गहाण पडली याचा उच्चार दर वेळी करू नये; त्याला तो आकडा आपल्यापेक्षा अधिक पाठ असतो. एखाद्याला तो अभ्यास सोडावासा वाटला, वर्षभर थांबावेसे वाटले, तर आकाश कोसळले असे मानू नये. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे लागले तर सोयरिकीत अडचण येईल म्हणून ते झाकू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. समोरच्या विद्यार्थ्यांनी हा आकडा आत्ताच आपल्या दूरध्वनीत लिहून घ्यावा, मी थांबतो.

आता मंडळासंबंधी. गेल्या महिन्यात कार्यकारिणीपुढे मी एक सूचना मांडली होती, व तीवर बराच खल झाला. सूचना अशी की, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी मंडळाचे सभागृह शिकाऊ डॉक्टरांसाठी उघडे ठेवावे. बॅलिंट यांच्या मंडळांप्रमाणे त्यांनी तेथे बसून आपसांत बोलावे. भाषण कोणाचेही नाही, आपल्यापैकी कोणी आत जावयाचे नाही. चहा व पोहे मात्र आपण पुरवावेत. गावातील एखाद्या निवृत्त, अनुभवी डॉक्टरांना मध्यस्थ म्हणून विनंती करावी. याला हरकत कोणाची नव्हती. हरकत निघाली ती पुढच्या शब्दावर. हे सभागृह सर्व ज्ञातींच्या शिकाऊ डॉक्टरांना खुले असावे, असे मी लिहिले होते. ‘आपल्या वर्गणीतून इतरांना पोहे कशाला?’ असा प्रश्न आला. प्रश्न विचारणारे गृहस्थ मंडळाचे जुने हितचिंतक आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु वॉर्डात रात्री दोन वाजता आपल्या मुलाच्या हातून कागद घेऊन त्याला झोपावयास पाठविणारा वरिष्ठ आपल्या ज्ञातीचाच असेल, असे कोणी लिहून देईल काय? आपली तीन-चारच मुले एका खोलीत बसविली तर ती एकमेकांना आपापल्या मामांची खुशाली विचारतील व उठतील. ज्याच्याबरोबर रोज पाळी करावयाची त्याच्याशीच मन मोकळे करता आले पाहिजे.

खर्चाचा हिशेब मी करून आणला आहे. गुणगौरवातील शाली पुढील वर्षापासून बंद करून फक्त गुलाबपुष्प दिले, तर बारा महिन्यांचा चहा-पोह्यांचा खर्च त्यातूनच निघतो व थोडी रक्कम शिल्लक राहते. हिशेबाचा कागद चिटणीसांकडे दिला आहे, ज्यांना पाहावयाचा त्यांनी पाहावा. कार्यकारिणीत मते समसमान पडल्याने हा विषय आजच्या सर्वसाधारण सभेकडे आला आहे. भोजनापूर्वी तो मतास टाकावा अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. ठरावातील ‘सर्व ज्ञातींच्या’ हे शब्द गाळण्याची उपसूचना आल्यास तिला माझा विरोध राहील. सूचक म्हणून माझे नाव लिहिलेच आहे. अनुमोदनासाठी सभेतून कोणी उभे राहावे. आणि ते आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांपैकी असल्यास मला विशेष समाधान वाटेल.